आजारपणाची रजा, डॉक्टरांचा दाखला आणि कामावर परतणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूण परिसरात फॅमिली डॉक्टर म्हणून बसलं की औषधांइतकेच प्रश्न दाखल्याबद्दल येतात. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे कामगार, झेडपीचे शिक्षक, एसटीचे चालक-वाहक, गावी येऊन आजारी पडलेले चाकरमानी, दाभोळ-गुहागरकडचे खलाशी, सगळ्यांच्या कामाच्या जागा वेगळ्या आणि नियमही वेगळे. त्यामुळे एकाचं ऐकून दुसरा तसंच करायला जातो आणि रजा बिनपगारी होऊन बसते. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझ्या दृष्टीनं दाखला हा उपचाराचाच भाग आहे. गोळ्या जितक्या विचारानं लिहायच्या, तितक्याच विचारानं रजेचे दिवस लिहायचे.

प्रश्न : दोन दिवस ताप होता, आता बरा आहे. दाखला आणावाच लागेल का?

तुमच्या आस्थापनेच्या नियमात काय आहे ते आधी विचारा. दुकानं आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. तो जिथे लागू होतो तिथे वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा मिळते. एक-दोन दिवसांच्या तापाला ती वापरता येते आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी कागद लागत नाही. तरीही काही सुपरवायझर एका दिवसाच्या गैरहजेरीलाही दाखला मागतात. मला हे पटत नाही. अंगात कणकण असलेला माणूस नुसत्या कागदासाठी एसटीनं येतो, दवाखान्याच्या बाकड्यावर तासभर बसतो आणि शेजारच्या मुलाला ताप देऊन जातो. ब्रिटनमध्ये आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी कर्मचाऱ्यानं स्वतः लिहून दिलेलं पुरतं, डॉक्टरांचा दाखला त्यानंतर लागतो. आपल्याकडच्या मालकांनीही आपल्या माणसांवर इतका विश्वास टाकायला हरकत नाही.

मात्र पावसाळ्यातला ताप असेल तर दाखल्याचा विचार बाजूला ठेवून तपासायला या. जून ते ऑक्टोबर आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), डेंग्यू आणि मलेरिया तिन्ही असतात, आणि पहिल्या दोन दिवसांत तिघांचाही ताप सारखाच दिसतो.

प्रश्न : दाखल्यात नेमकं काय असायला हवं? साध्या लेटरहेडवर चालतो का?

लेटरहेडवर चालतो, पण मजकूर पुरा हवा. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे विनियम आहेत. त्यांच्या परिशिष्टात रजेच्या आणि फिटनेसच्या दाखल्याचा नमुना दिलेला आहे. २०२३ मध्ये नवे विनियम आले, पण त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली, त्यामुळे २००२ चेच चालू राहिले.

त्या नमुन्यात सगळ्यात वर पेशंटची सही किंवा अंगठा असतो, तोही डॉक्टरांसमोर केलेला. मग ओळखीच्या खुणा, आजार, रजा किती दिवस आणि कोणत्या तारखेपासून, आणि शेवटी डॉक्टरांची सही, तारीख आणि नोंदणी क्रमांक. नोंदणी क्रमांक नसलेला दाखला ऑफिसनं परत पाठवला तर ऑफिसची चूक नाही.

ओळखखुणा विचारल्या की पुष्कळ जण अवघडतात. "डाव्या भुवईच्या टोकाला तीळ", "उजव्या पोटरीवर भाजल्याचा जुना व्रण" असं मी टेबलावरच्या जाडजूड रजिस्टरमध्येही लिहितो आणि दाखल्यावरही. प्रत्येक दाखल्याची नोंद या रजिस्टरमध्ये होते आणि एक प्रत माझ्याकडे राहते. हे माझ्या हौसेखातर नाही, विनियमांनी डॉक्टरांवर टाकलेलं बंधन आहे. यात तुमचाही फायदा आहे. उद्या कुणी दाखल्यावर शंका घेतली तर रजिस्टर उघडून दाखवता येतं की हाच माणूस या तारखेला माझ्यासमोर होता.

प्रश्न : आलो गुरुवारी, पण घरी सोमवारपासून आहे. सोमवारपासूनचा दाखला मिळेल का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. दाखल्यावर जी तारीख असेल ती मी तपासलं त्याच दिवसाची असणार. ती मागे नेता येत नाही. पण आजार कधी सुरू झाला हे त्याच दाखल्यात लिहिता येतं.

मागच्या पावसाळ्यातलं एक उदाहरण सांगतो. एक गृहस्थ गुरुवारी आले. सोमवारपासून ताप, मेडिकलमधून गोळ्या घेऊन अंगावर काढलेला. म्हणाले, "डॉक्टर, सोमवारपासून टाका ना, खोटं थोडंच आहे?" ताप होताच, डोळे लाल होते, अंगावर पुरळ आलं होतं, आणि रक्त तपासल्यावर प्लेटलेट कमी निघाल्या. मी लिहिलं : "आज गुरुवारी तपासले. रुग्णाच्या सांगण्यानुसार सोमवारपासून ताप. आजची लक्षणे व रक्ततपासणी या कालावधीशी जुळणारी आहेत. आजपासून सात दिवस विश्रांती आवश्यक." यातलं प्रत्येक वाक्य मी कुठल्याही चौकशीत शपथेवर सांगू शकतो. मागचे तीन दिवस मंजूर करायचे की नाही हे त्यांच्या साहेबांनी ठरवायचं, आणि त्यांनी ते मंजूर केले.

याउलट, माणूस पूर्ण बरा होऊन आला, अंगावर काहीच खूण नाही, कुठला रिपोर्ट नाही, जुना केसपेपर नाही, तर मी जास्तीत जास्त "रुग्णाच्या सांगण्यानुसार" इतकंच लिहू शकतो. रजा त्यावर मिळेलच याची खात्री नाही. म्हणून आजारी पडलात की पहिल्या-दुसऱ्या दिवशी या. तेही जमत नसेल तर निदान जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन केसपेपर काढून ठेवा.

प्रश्न : गणपतीला सुट्टी मिळत नाही. चार दिवसांचं मेडिकल द्याल?

नाही.

आपल्याकडे गणपती आणि शिमगा म्हणजे काय असतं हे मला कुणी सांगायला नको. पालखी घरी येणार आणि घरातला मुलगा बोरिवलीत मशिनवर उभा, हे दुःख खरंच आहे. पण त्यावरचा उपाय रजेच्या धोरणात आहे, माझ्या सहीत नाही. खोटा दाखला दिला तर वैद्यक परिषदेच्या नोंदवहीतून डॉक्टरांचं नाव काढलं जाऊ शकतं. खोटं प्रमाणपत्र देणं आणि खोटं आहे हे माहीत असून ते वापरणं, या दोन्हींसाठी भारतीय न्याय संहितेत कलमं आहेत. नोकरी जाते ती वेगळीच. आणखी एक गोष्ट मला जास्त डाचते. भाद्रपदात कोकणातल्या दवाखान्यांतून दाखल्यांचे गठ्ठे मुंबईला गेले की तिथले साहेब आपल्याकडच्या प्रत्येक दाखल्याकडे संशयानं बघायला लागतात. मग त्याच आठवड्यात खरोखर लेप्टोनं आडवा झालेला माणूस चार वेळा कागद पाठवून थकतो.

प्रश्न : नोकरी मुंबईत, आजारी पडलो गावी. इथल्या डॉक्टरांचा दाखला तिथे चालेल?

चालतो. नोंदणीकृत डॉक्टर रत्नागिरी जिल्ह्यातला असला म्हणून दाखला कमी दर्जाचा होत नाही. फक्त काही गोष्टी सांभाळा. पहिल्याच दिवशी ऑफिसला फोन करा आणि शिवाय लेखी कळवा, व्हॉट्सॲप किंवा मेल काहीही चालेल, पण तारीख-वेळ दिसली पाहिजे. दाखल्याचा फोटो लगेच पाठवा, मूळ कागद हातात ठेवा. रजा वाढवायची वेळ आली तर आधीचा दाखला संपायच्या आत पुन्हा तपासून घ्या, मधे एक दिवसाची फट पडली तरी मस्टरवर गैरहजेरी लागते. प्रवास झेपेल इतकं बरं वाटलं आणि पुढचे उपचार मुंबईत घ्यायचे असतील, तर मी केसपेपरचा सारांश लिहून देतो. तो तिथल्या डॉक्टरांना दाखवा, म्हणजे पुढचा दाखला ते विश्वासानं देतील.

प्रश्न : आयुर्वेदाच्या किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा दाखला चालतो का?

कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर रात्री-अपरात्री धावून येणारे बहुतेक डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. ते आपापल्या परिषदेकडे नोंदणीकृत असतात आणि पेशंटला तपासून दाखला देतात. अडचण येते ती कामाच्या ठिकाणच्या नियमांत. कुठे कोणाचाही नोंदणीकृत दाखला घेतात, कुठे सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचाच हवा असतो, कुठे कंपनीच्या यादीतल्या डॉक्टरांचा. रजा मोठी असेल तर हे आधी विचारून घ्या. नोंदणी नसलेल्या माणसाचा कागद मात्र कुठेच उपयोगाचा नाही.

प्रश्न : आजाराचं नाव लिहायलाच हवं का? सगळ्या ऑफिसला कळेल.

काळजी रास्त आहे. नमुन्यात आजाराचा रकाना आहे आणि सरकारी नोकरीत तो सहसा भरावाच लागतो. खासगी ठिकाणी, तुम्ही तसं सांगितलंत तर, मी "वैद्यकीय उपचाराखाली" किंवा "शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती" इतकंही लिहितो. खोटं नाव मात्र लिहीत नाही. नैराश्यावर उपचार चालू असताना "टायफॉइड" लिहिलं तर पुढच्या वेळी कुणी जुना कागद काढून भलतेच प्रश्न विचारील.

एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा स्पष्ट आहे : संमतीशिवाय ती माहिती कुणाला देता येत नाही. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही गोपनीयतेचा हक्क आहे. कंपनीतून कुणी फोन करून "त्याला नक्की काय झालंय?" असं विचारलं तर मी दाखला माझाच आहे इतकं सांगतो आणि पुढचं पेशंटला विचारायला सांगतो. वाडीतले नातेवाईक विचारतात तेव्हाही उत्तर तेच, मग तो सख्खा काका का असेना.

प्रश्न : रजा किती दिवसांची, हे कशावरून ठरवता?

आजाराचं नाव बघून तक्त्यातून दिवस काढता आले असते तर सोपं होतं. प्रत्यक्षात तोच आजार वेगवेगळ्या कामाला वेगवेगळे दिवस मागतो.

लेप्टो घ्या. उंदीर-गुरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून आणि जखमांतून हा जंतू शरीरात शिरतो. लावणीच्या दिवसांत तो फार दिसतो. चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर घराघरातला चिखल उपसताना हीच भीती होती. साधा लेप्टो वेळेवर औषध मिळाल्यास आठवडा-दहा दिवसांत उतरतो आणि टेबलावर बसून काम करणारा माणूस कामावर जाऊ शकतो. पण त्याच माणसाला परत चिखलात उतरायचं असेल तर पायाच्या जखमा भरेपर्यंत मी थांबवतो आणि नंतरही गमबूट घालायला सांगतो. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही, कारण जंतूचे प्रकार बरेच आहेत. मूत्रपिंडावर किंवा यकृतावर परिणाम झाला असेल तर हिशोब आठवड्यांचा होतो, आणि मी रिपोर्ट बघितल्याशिवाय तारीख देत नाही.

डेंग्यूचा ताप गेला तरी पुढे दोन-तीन आठवडे थकवा राहतो. तेव्हा पहिल्या दिवशी डबल ड्युटी नको. चिकुनगुन्यात सांधे महिनोन् महिने दुखू शकतात, म्हणून तिथे लांब रजेपेक्षा कामात बदल जास्त उपयोगी पडतो. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरीच. खानावळीत जेवण करणाऱ्या बाईंना दूषित पाण्याची कावीळ झाली तर डोळे पिवळे झाल्यापासून निदान आठवडाभर तरी त्यांनी स्वयंपाकघरात हात घालायचा नाही, अंगात ताकद असली तरीही. क्षयरोगात औषधं नीट सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो. पुढचं थुंकीच्या तपासणीवर आणि औषधांना किती दाद मिळते त्यावर ठरतं. सहा महिने घरी बसवण्याचं कारण सहसा नसतं.

कंबरदुखीबद्दल थोडं ठामपणे बोलतो. "पंधरा दिवस बेडरेस्ट लिहा" अशी मागणी असते. पायात बधिरपणा नाही, लघवी-संडासवर परिणाम नाही, मार लागलेला नाही, अशी साधी कंबर धरली असेल तर जास्त पडून राहिल्यानं स्नायू आणखी आखडतात आणि बरं व्हायला उशीर लागतो. दोन-तीन दिवस आराम, मग चालणं-फिरणं, मग जमेल तितकं काम, हाच क्रम बरा. महामार्गावर दिवसभर ट्रक चालवणाऱ्याला मी जास्त दिवस देतो, ग्रामपंचायतीतल्या क्लार्कला कमी. हा पक्षपात नाही. कंबरेला बसणारे धक्के वेगळे आहेत.

प्रश्न : पूर्ण बरा नाही, पण घरी बसून पगार बुडतोय. हलक्या कामाचा दाखला मिळतो का?

मिळतो, आणि तो जास्त लोकांनी मागावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे दाखल्याची दोनच टोकं मानतात, एक अनफिट आणि दुसरं फिट. माणूस बहुतेक वेळा या दोन्हींच्या मधे असतो. ब्रिटननं २०१० मध्ये आपल्या दाखल्यात "पुढील गोष्टी पाळल्यास कामास योग्य असू शकेल" असा पर्यायच छापला. कामाचे तास कमी करणं, काम बदलणं, हळूहळू परतणं, हे तिथे डॉक्टर खुणा करून सुचवतात. आपल्याकडे तसा छापील रकाना नाही, पण लिहायला कुणी हात धरलेला नाही.

लोट्याच्या एका केमिकल कारखान्यातल्या ऑपरेटरचे दोन्ही हात मनगटापर्यंत सोलवटून आले होते. बोटांच्या बेचक्यांत भेगा, मिठाला हात लागला तरी आग. मलमानं आठवड्यात बरं वाटलं. तो म्हणाला, "साहेब, कंपनी म्हणते फिट लिहून आण, नाहीतर येऊ नको." पूर्ण फिट लिहिलं असतं तर तो त्याच ड्रमसमोर उभा राहिला असता. मी लिहिलं : "कामावर येण्यास योग्य. दोन आठवडे सॉल्व्हंट व ॲसिडशी थेट संपर्क नको. पॅकिंग किंवा नोंदींचे काम चालेल. त्यानंतर फेरतपासणी." त्याला स्टोअरमध्ये बसवलं, पगार चालू राहिला, हात भरले. अशा वेळी कामाशी संबंध लपवू नका. रसायनांमुळे होणारे त्वचेचे आजार आणि असे ठरावीक व्यवसायजन्य आजार डॉक्टरांनी कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायचे असतात. त्यामुळे तुमच्या शेजारी उभा राहणारा पुढचा माणूस वाचतो.

हलक्या कामाचा दाखला मागायला येताना तुम्ही दिवसभर नक्की काय करता ते सांगा. "हेल्पर" या शब्दातून मला काहीच कळत नाही. किती किलो उचलता, किती वेळा, उभं राहून की बसून, नाइट असते का, उंचीवर चढावं लागतं का, हे कळलं तर उपयोगाचं लिहिता येतं.

प्रश्न : फिटनेस सर्टिफिकेट कोणाकडून घ्यायचं?

सर्वसाधारणपणे ज्यांनी रजा लिहिली त्यांच्याकडून. ऑपरेशन झालं असेल तर ज्या सर्जननी केलं त्यांच्याकडून. टाक्यांच्या आत काय केलंय ते त्यांना ठाऊक असतं. आजारपणाच्या रजेवरून परतताना सरकारी कर्मचाऱ्याला फिटनेस दिल्याशिवाय हजर करून घेत नाहीत, म्हणून तो शेवटच्या दिवशी घाईत मागू नका.

काही कामांचा फिटनेस फॅमिली डॉक्टरांच्या हातात नसतो. बोटीवर, म्हणजे मर्चंट नेव्हीत, जाणारी मुलं आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांची तपासणी नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेले डॉक्टरच करतात आणि प्रौढांसाठी तो दाखला जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो. माझ्याकडची जुनी औषधं, रक्तदाबाच्या नोंदी तिथे घेऊन जा. लपवलेला मधुमेह भर समुद्रात उघडा पडला तर हॉस्पिटल काही दिवसांच्या अंतरावर असतं.

चालकांबाबत मी कडक आहे. आकडी येऊन गेलेल्या माणसाला, मग तो एसटी चालवत असो की घरची रिक्षा, मी गाडी चालवायला योग्य असं लिहून देत नाही. परशुराम घाटात त्याच्या मागे बसलेल्या माणसांचाही विचार करावा लागतो. त्याच्या पोटाचा प्रश्न मला दिसतो. म्हणून दुसऱ्या कामावर घेण्याची शिफारस मी स्वतः लिहून देतो. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणानं कामावरून काढता किंवा पद खाली आणता येत नाही, असं अपंग व्यक्तींच्या २०१६ च्या हक्क कायद्यात म्हटलंय. हे पुष्कळ कर्मचाऱ्यांना माहीतच नसतं.

प्रश्न : माझा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो. तुमचा दाखला चालेल का?

उपचार माझ्याकडे घ्या, पण पैसे मिळण्यासाठीचा दाखला ईएसआयच्या डॉक्टरांचा लागतो. खासगी डॉक्टरांचे कागद पुरावा म्हणून जोडता येतात, मान्य करायचे की नाही ते ईएसआय ठरवते. म्हणून अर्ज लवकर करा.

महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार या योजनेत येतात. कामगाराकडून वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर त्याच्याशी जोडलेल्या लाभकाळात आजारपणाचा भत्ता मिळतो : सरासरी वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. क्षय, कर्करोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांना ८० टक्के दरानं दोन वर्षांपर्यंत वाढीव लाभ आहे, त्याच्या अटी वेगळ्या. कामावरच्या अपघातानं तात्पुरतं अपंगत्व आलं तर दर ९० टक्के. आजारपणाचा भत्ता चालू असताना मालक कामगाराला काढू शकत नाही. कंत्राटदाराकडे काम करत असाल तर पगाराच्या स्लिपवर ईएसआयचा आकडा दिसतो का ते आजच बघा. आजारी पडल्यावर बघून उपयोग नाही.

प्रश्न : सरकारी नोकरीत किंवा झेडपीत आहे. आजारपणाची रजा कशी धरतात?

वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारावर घेता येते, मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. दहा दिवस घेतले की वीस गेले. म्हणून शिक्षकांना मी सांगतो, चार दिवसांत बरं होणार असेल तर पंधरा दिवस लिहून घेऊ नका, स्वतःचाच साठा संपतो. लांबलचक रजा असेल किंवा दाखल्यावर शंका असेल तर कार्यालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा वैद्यकीय मंडळाकडे पाठवू शकतं. पाठवलं तर अपमान मानू नका, सगळे रिपोर्ट घेऊन जा.

प्रश्न : बाळंतपण किंवा गर्भपात झाला तर?

प्रसूती लाभाच्या कायद्याखाली पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, तिसऱ्यापासून १२. गर्भपात झाला तर सहा आठवडे. गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून आजार उद्भवला तर आणखी एक महिन्यापर्यंत. गर्भपाताची रजा मागायला बायका संकोचतात, "ताप होता म्हणून लिहा" म्हणतात. ताई, ती सहा आठवड्यांची रजा हक्काची आहे, तापाच्या नावाखाली चार दिवसांवर तडजोड करू नका. कागद बंद पाकिटात थेट अधिकाऱ्यांच्या हातात द्या.

प्रश्न : फोनवर सांगितलं तर दाखला व्हॉट्सॲप कराल?

ओळखीच्या पेशंटला फोनवर सल्ला देतो, औषधही सांगतो. दाखला मात्र तपासूनच. समोर माणूस नसताना सही आणि ओळखखूण कुठून आणणार? अंथरुणावरून उठवत नसेल तर कळवा, घरी येतो.

प्रश्न : दाखला दिला तरी ऑफिसनं नाकारला. आता?

आधी कारण लेखी मागा. बहुतेक वेळा नोंदणी क्रमांक, तारीख किंवा दिवसांची संख्या राहिलेली असते आणि ते लगेच दुरुस्त होतं. मालक दुसऱ्या डॉक्टरांकडे तपासून घ्या म्हणाला तर जा. दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. माझं मत काय आणि कशावरून, हे मी त्या डॉक्टरांना लिहून देतो, तुमच्या परवानगीनं. त्यानंतरही अडवलं तर युनियन किंवा कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे.

प्रश्न : आम्हाला कोण दाखला विचारतो? बोटीवर, बागेत, रोजंदारीवर काम करणाऱ्यांनी काय करायचं?

हा प्रश्न विचारणारे कमी आणि न विचारता अंगावर काढणारे जास्त. आंब्याच्या हंगामात झाडावरून पडलेला गडी, काजूच्या चिकानं हात भाजलेली बाई, यांची रजा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणं. त्यांच्या आजारपणावर सही करायला कुणी साहेब नाही. मला हा आपल्या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा खड्डा वाटतो.

तरी कागदाचा उपयोग होतो. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. ती उठायच्या सुमाराला एका खलाशाच्या तळहातात शिंगाळा माशाचा काटा घुसला. तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, त्याला घेऊन आले : "डॉक्टर, परवा बोट सुटतेय, इंजेक्शन मारा नि सोडा याला." मी पोराला मूठ वळायला सांगितली. दोन बोटं वळलीच नाहीत, मधल्या बोटाच्या मुळाशी सूज दाबल्यावर पू आला. जखम साफ केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि साध्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : "आठ दिवस हात ओला होता कामा नये, दोर ओढणे बंद." खाली सही-शिक्का. म्हटलं, "काका, हा कागद तुमच्यासाठी आहे. याला नेलंत तर समुद्रात बोट कापायची वेळ येईल." काकांनी कागद दोनदा वाचला, खिशात घातला, आणि पुढच्या फेरीला त्याची जागा राखून ठेवली. कोणताही कायदा त्यांना हे करायला लावत नव्हता. डॉक्टरांनी लिहून दिलंय म्हटल्यावर पोराची आळशी म्हणून गणना झाली नाही, इतकं त्या कागदानं केलं.

म्हणून रोजंदारीवाल्यांनीही केसपेपर मागून घ्यावा आणि जपावा. अपघातात कायमचं अपंगत्व आलं तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा दावा करताना हेच कागद लागतात. वर्षाला २० रुपयांचा तो विमा १८ ते ७० वर्षांच्या कोणालाही बँक खात्यातून काढता येतो. मुकादमानं किंवा बागायतदारानं कामावर असताना इजा झालेल्या माणसाला दवाखान्यात आणलं, तर इजा कुठे, कशी, किती वाजता झाली ते मी केसपेपरवर लिहितोच. ते लिहू नका असं सांगायला कुणी येऊ नये.

प्रश्न : दाखला हरवला. पुन्हा मिळेल?

मिळेल. डॉक्टरांनी पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची असतात आणि पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायची असतात. दाखल्याची दुसरी प्रत देताना मी वर "प्रत" असं लिहितो आणि मूळ तारीख तीच ठेवतो. येताना आधारकार्ड आणा, आणि साधारण कोणत्या महिन्यात घेतला होता ते आठवून या, म्हणजे रजिस्टरमध्ये शोधायला वेळ लागणार नाही.